जुनी स्कॉर्पिओ, नवी सात आसनी: बीडच्या रस्त्यांवरचा हिशेब

बीड जिल्ह्यात मोठ्या कुटुंबाची गाडी म्हटले की गेली पंचवीस-तीस वर्षे ठरावीक नावे घेतली जातात. टाटा सुमो १९९४ मध्ये आली, सफारी १९९८ मध्ये. २००० मध्ये महिंद्राची बोलेरो आणि टोयोटाची क्वालिस बाजारात आली आणि २००२ मध्ये स्कॉर्पिओ. डिझेल इंजिन, ट्रकसारखी वेगळी चासी, मागच्या चाकांना मिळणारी ताकद आणि सात-आठ माणसांची जागा हे या गाड्यांचे समान गुण. लग्नाचे वऱ्हाड, परळी वैजनाथाचे दर्शन, अंबाजोगाईच्या रुग्णालयात न्यायचा पेशंट, खताच्या चार गोण्या, ऊसतोड मुकादमाच्या कारखान्यांच्या फेऱ्या, असली सगळी कामे त्यांनी केली. यांतल्या अनेक गाड्यांची आता दहा, पंधरा, कधी वीस वर्षे भरली आहेत. त्यांच्या जागी नवी गाडी काढताना मात्र तशीच दणकट गाडी बऱ्याच घरांच्या आवाक्यात राहिलेली नाही. मग नजर वळते ती कमी किमतीच्या, लांबट, सात आसनी पेट्रोल किंवा सीएनजी गाडीकडे. मारुतीची अर्टिगा आणि रेनोची ट्रायबर ही या वर्गातली नेहमीची उदाहरणे. या बदलात काय हातचे जाते, काय मिळते आणि खर्चाचा मेळ कसा बसतो, हे क्रमाने पाहता येते.

‘इस्टेट’ भारतात का रुजली नाही

साध्या मोटारीचे छत मागच्या टोकापर्यंत सरळ नेले आणि डिक्कीची जागा आतल्या जागेला जोडली की जी गाडी होते, तिला ब्रिटनमध्ये ‘इस्टेट’ आणि अमेरिकेत ‘स्टेशन वॅगन’ म्हणतात. युरोपात कुटुंबाची मोठी पण परवडणारी गाडी म्हणून हा प्रकार पिढ्यान्पिढ्या चालला. रुमानियातल्या दाचिया कंपनीने २००६ मध्ये लोगान या स्वस्त मोटारीची लांब आवृत्ती काढली. तिच्यात सात माणसे बसू शकत.

भारतात हा प्रयोग वारंवार झाला. टाटांनी १९९२ मध्ये ‘इस्टेट’ याच नावाची गाडी आणली. पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा, ओपेलची कोर्सा स्विंग, फियाटची सिएना वीकेंड, टाटांची इंडिगो मरीना अशी रांग लागली. एकही फार टिकली नाही. मागे वेगळी, उठून दिसणारी डिक्की असली की ती ‘मोठी गाडी’, असा त्या काळच्या ग्राहकाचा समज होता. मागून सपाट असलेली लांब गाडी त्याला मालवाहू वाटे, आणि किंमत तर डिक्कीच्या गाडीपेक्षाही जास्त.

२०१२ मध्ये अर्टिगा आली तेव्हा मारुतीने इस्टेट हा शब्दच टाळला. स्विफ्टच्या घराण्यातली ही गाडी लांब केली, छत उंचावले आणि आसनांची तिसरी रांग बसवली. सामानाच्या जागेपेक्षा माणसांची जागा पुढे केली आणि तीच ग्राहकाला पटली. २०१८ मध्ये तिची दुसरी पिढी आली. २०१९ मध्ये आलेल्या ट्रायबरने तोच विचार आणखी लहान मापात बसवला. युरोपातल्या स्वस्त इस्टेटचे काम भारतात या सात आसनी गाड्या करतात.

चार मीटरची रेघ

या दोन गाड्यांच्या किमतींत जो फरक दिसतो, त्यामागे करांचा मोठा हात आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. गाडी लहान ठरायला लांबी चार मीटरच्या आत हवी होती, आणि इंजिन पेट्रोलचे असेल तर १२०० घनसेंटिमीटरपर्यंत, डिझेलचे असेल तर १५०० पर्यंत. तेव्हापासून भारतातली गाडी चार मीटरच्या अलीकडे आहे की पलीकडे, याला महत्त्व आले. इस्टेटचा तर सगळा जीव लांबीतच असतो, त्यामुळे हा नियम तिच्या मुळावरच आला.

जीएसटी आल्यावरही ही रेघ कायम राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवर १८ टक्के आणि बाकीच्यांवर ४० टक्के जीएसटी लागतो. वेगळा उपकर राहिलेला नाही. ट्रायबरची लांबी ३९९० मिलिमीटर आणि इंजिन ९९९ घनसेंटिमीटरचे, म्हणून ती १८ टक्क्यांत बसते. अर्टिगा सुमारे ४.४ मीटर लांब आणि इंजिन १४६२ घनसेंटिमीटरचे, म्हणून तिला ४० टक्के. बोलेरो डिझेल असूनही १८ टक्क्यांतच येते, कारण २०१६ मध्ये आलेल्या बोलेरो पॉवर प्लसपासून ती चार मीटरच्या आत आणि दीड लिटरच्या इंजिनावर आणलेली आहे. दणकटपणाच हवा असणाऱ्या घराने तिचाही भाव काढायला हरकत नाही.

राज्याचा रस्ता कर जीएसटीच्या वर येतो. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीला ११ टक्के आणि डिझेल गाडीला १३ टक्के एकरकमी कर आहे. सीएनजीला त्याहून कमी. म्हणून शोरूममध्ये भाव विचारताना पासिंग, विमा आणि कर धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंतचा आकडा मागावा. जाहिरातीतली किंमत आणि हा आकडा यांत लाख-सव्वा लाखाचा फरक सहज पडतो.

ताकद म्हणजे नेमके काय

जुनी गाडी देताना मनात पहिली शंका येते ती ताकदीची. नवी गाडी घाट चढेल का? उत्तर आकड्यांत आहे, पण ते नीट वाचावे लागते.

विहिरीवरच्या मोटारीमुळे अश्वशक्ती हा शब्द शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे. गाडीत अश्वशक्तीच्या जोडीला टॉर्क, म्हणजे पीळ, हे दुसरे माप असते. चाकाचा घट्ट बसलेला नट आखूड पान्याने हलत नाही आणि लांब पान्याने सैल होतो, कारण लांब पान्याने पीळ जास्त बसतो. इंजिन दर फेरीला किती पीळ देते हे टॉर्क सांगतो. मिनिटाला किती फेऱ्या होतात त्या आकड्याने त्याला गुणले की अश्वशक्तीचा हिशेब निघतो.

२०१४ नंतरच्या, एमहॉक इंजिनाच्या स्कॉर्पिओत २१७९ घनसेंटिमीटरचे टर्बो डिझेल इंजिन आहे. त्याची ताकद १२० अश्वशक्ती आणि टॉर्क २८० न्यूटन मीटर. हा टॉर्क १८०० ते २८०० फेऱ्यांवरच हाताशी येतो. अर्टिगाचे पेट्रोल इंजिन १०३ अश्वशक्ती आणि १३७ न्यूटन मीटर देते, तेही सुमारे ४४०० फेऱ्यांवर. ट्रायबरचे तीन सिलिंडरचे इंजिन ७२ अश्वशक्ती आणि ९६ न्यूटन मीटरचे.

आता वजन पाहू. स्कॉर्पिओ रिकामी सुमारे १८०० किलो, अर्टिगा ११५० किलोच्या आसपास, ट्रायबर साडेनऊशे किलोच्या घरात. म्हणजे टनामागे स्कॉर्पिओला ६७ अश्वशक्ती मिळते, अर्टिगाला जवळजवळ ९० आणि ट्रायबरला ७६. रिकाम्या रस्त्यावर एकटा माणूस चालवत असेल तर स्वस्तातली नवी गाडी जुन्या दणकट गाडीपेक्षा चपळ निघते, ती या हलकेपणामुळे.

सात माणसे आणि सामान मिळून पाचशे किलो भार टाकला की चित्र पालटते. तेव्हा टनामागे टॉर्क स्कॉर्पिओत १२२ न्यूटन मीटर राहतो, अर्टिगात ८३ आणि ट्रायबरमध्ये ६६. धारूरहून तेलगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर बालाघाटाचा अरुंद, वळणांचा घाट लागतो. तो चढून येताना हा फरक पायाला कळतो. पुढे उसाने भरलेला ट्रक रांगत असतो, गाडीचा वेग वीसवर येतो आणि वळणानंतर थोडी जागा मिळते. स्कॉर्पिओचा चालक गियर न बदलता पाय दाबतो आणि गाडी ओढली जाते, कारण १८०० फेऱ्यांवरच तिचे इंजिन जवळजवळ ७२ अश्वशक्ती देते. तेवढी ताकद काढायला ट्रायबरच्या इंजिनाला ६२५० फेऱ्यांपर्यंत, म्हणजे त्याच्या कमाल ताकदीपर्यंत न्यावे लागते. अर्टिगाच्या चालकाने तिसऱ्या गियरमध्येच पाय दाबला तर गाडी नुसती गुरगुरते. दुसरा गियर टाकून इंजिनाला मोकळे फिरू दिले की तीच गाडी चढ सहज काढते. भरल्या गाडीतही टनामागे अश्वशक्ती मोजली तर अर्टिगाकडे ६२ आणि स्कॉर्पिओकडे ५२ आहे. ताकद आहे, पण ती वरच्या फेऱ्यांत आहे.

म्हणून जुन्या डिझेलवर हात बसलेल्या माणसाला सुरुवातीचे काही दिवस नवी गाडी मरतुकडी वाटते. गियर लवकर उतरवायची सवय लागली की ती तक्रार बरीचशी मिटते. ट्रायबरचे मात्र वेगळे आहे. सात मोठी माणसे, एसी चालू आणि लांब चढ असला की तिचे इंजिन मर्यादेला टेकते. चार मोठी आणि दोन-तीन लहान मुले असा संसार असेल तर ती पुरते. दर आठवड्याला भरून घाट चढायचा असेल तर तिच्यावर फार भार पडतो.

आणखी एक गोष्ट नजरेआड होते. जुन्या गाडीची १२० अश्वशक्ती ती नवी असतानाची आहे. दोन लाख किलोमीटर झाल्यावर इंजेक्टर, टर्बो, क्लच प्लेट आणि इंजिनाचे कॉम्प्रेशन यांची झीज झालेली असते. कागदावरच्या आकड्याशी तुलना करून नव्या गाडीला कमी लेखणे म्हणूनच बरोबर नाही.

जागा: माणसे की सामान

सात आसनी हा शब्द फसवा आहे. सातही आसने उभी असताना अर्टिगाच्या मागे २०९ लिटर जागा उरते, ट्रायबरच्या मागे अवघी ८४ लिटर. ८४ लिटरमध्ये दोन शाळेची दप्तरे आणि एक लहान पिशवी मावते, लग्नाच्या बॅगा मावत नाहीत. ट्रायबरची तिसरी रांग उचलून बाहेर काढून घरात ठेवता येते. मग पाच आसने आणि ६२५ लिटर जागा मिळते. अर्टिगाची तिसरी रांग निघत नाही, फक्त दुमडते. तेव्हा सुमारे साडेपाचशे लिटर जागा होते. या दोन गाड्या एका वेळी सात माणसांची गाडी होऊ शकतात किंवा खऱ्या अर्थाने इस्टेट. दोन्ही एकदम जमत नाही.

सीएनजीची अर्टिगा घेतली तर टाकी मागच्या सामानाच्या जागेत येते आणि बॅगा छतावर कॅरियरवर जातात. कॅरियरवर भार चढला की गाडीचा तोल वर सरकतो आणि वळणावर ती जास्त कलते. मांजरसुंब्याच्या घाटात हा फरक लगेच कळतो. कंपनीने छतासाठी सांगितलेली वजनमर्यादा गाडीसोबतच्या पुस्तिकेत छापलेली असते आणि ती बहुतेकांना वाटते त्यापेक्षा कमी असते.

तिसऱ्या रांगेत कोण बसणार हेही आधी ठरवावे. नव्या गाड्यांत ही रांग पुढे तोंड करून असते आणि तिला सीटबेल्ट असतात. पण गुडघे वर येतात आणि मधली रांग सरकवल्याशिवाय आत शिरता येत नाही. गुडघेदुखी असलेल्या आजीला तिथे बसवणे शक्य नसते. शोरूममध्ये गाडी पाहताना घरातली सगळी माणसे न्यावीत आणि सगळ्यांना एकदम बसवून पाहावे.

चासी, चाके आणि खड्डे

स्कॉर्पिओ, सुमो, बोलेरो यांची बॉडी लोखंडी चासीवर बसवलेली असते. अर्टिगा आणि ट्रायबरमध्ये बॉडी आणि सांगाडा एकच असतो. त्यामुळे गाडी हलकी होते, इंधन कमी लागते आणि महामार्गावर ती स्थिर राहते. धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग ५२ बीडवरून जातो. त्याच्या रुंद पट्ट्यावर नवी गाडी जुनीपेक्षा आरामाची वाटते, कारण उंच गाडीचे डोलणे तिच्यात नसते.

कच्च्या रस्त्याचे गणित निराळे. जमिनीपासूनची उंची कागदावर पाहिली तर स्कॉर्पिओ १८० मिलिमीटर आणि ट्रायबर १८२ मिलिमीटर, म्हणजे फरक नाहीच. अर्टिगाही त्याच घरात. तरीही शेतरस्त्यावर स्कॉर्पिओ निभावते आणि अर्टिगा खाली घासते. पहिले कारण असे की पाचशे किलो भाराने हलकी गाडी जास्त दबते. दुसरे, अर्टिगाच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत २७४० मिलिमीटरचे अंतर आहे आणि तिचा पुढचा बंपर खाली आलेला आहे. नालीच्या उंचवट्यावर किंवा वाफ्याच्या बांधावर तिचे पोट आणि नाक टेकते. तिसरे कारण टायरचे. स्कॉर्पिओच्या रुंद, जाड टायरपुढे अर्टिगाचा १८५ मिलिमीटरचा टायर अंगाने बारीक असतो, त्यामुळे खड्ड्याचा दणका रिमपर्यंत पोचतो.

ताकद कोणत्या चाकांना मिळते हेही पाहावे लागते. जुन्या गाड्यांची मागची चाके ओढतात, त्यामुळे मागे भार टाकला की पकड वाढते. नव्या गाड्यांची पुढची चाके ओढतात. मागे सामान आणि माणसे भरून चढावर काळ्या मातीचा चिखल लागला तर पुढचे वजन कमी पडते आणि चाक जागीच फिरते. डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर घर असेल तर याचा विचार करायचे कारण नाही. वस्ती शेतात असेल आणि पावसाळ्याचे चार महिने शेवटचा एक किलोमीटर चिखलाचा असेल, तर मात्र हा सगळ्यात मोठा मुद्दा ठरतो.

इंधनाची बचत किती खरी

नवी गाडी ॲव्हरेज जास्त देते म्हणून ती परवडते, असे सर्रास म्हटले जाते. आकडे मांडून पाहू. वर्षाला १२ हजार किलोमीटर धरले, जुन्या डिझेल गाडीचे ॲव्हरेज १२ आणि डिझेल ९० रुपये लिटर, तर खर्च ९० हजार रुपये. नव्या पेट्रोल गाडीचे ॲव्हरेज १७ आणि पेट्रोल १०५ रुपये धरले तर खर्च सुमारे ७४ हजार. वर्षाची बचत १६ हजार. सीएनजी किलोला ९० रुपये आणि ॲव्हरेज २२ धरले तर खर्च ४९ हजारांवर येतो आणि बचत ४१ हजारांची होते. पंपावरचे भाव बदलतील तसे आकडे हलतील, पण प्रमाण साधारण असेच राहील. सीएनजी घेण्याआधी आपल्या रोजच्या वाटेवर पंप कुठे आहे आणि तिथे रांग किती लागते, हे पाहून यावे.

पेट्रोलबाबत एक नवी गोष्ट जमेस धरावी लागते. देशात आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, म्हणून ॲव्हरेज थोडे घटते. नव्या गाड्यांची इंधनवाहिनी आणि रबरी भाग या मिश्रणासाठी तयार केलेले असतात.

आता हप्ता. आठ लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे १२,९०० रुपये, म्हणजे वर्षाला दीड लाखावर. सात वर्षांत व्याजच दोन लाख ऐंशी हजारांच्या आसपास जाते. मुदत पाच वर्षे केली तर हप्ता १६,६०० होतो आणि व्याज दोन लाखांच्या आत राहते. इंधनातली १६ किंवा ४१ हजारांची बचत या हप्त्याला पुरत नाही. निव्वळ डिझेल वाचवायला नवी गाडी घेणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

गाडी बदलण्याची खरी कारणे दुसरी असतात. जुनी गाडी वर्षातून किती दिवस गॅरेजात उभी राहते आणि दोन वर्षांत मिस्त्रीची व सुट्या भागांची बिले किती झाली, ही बेरीज आधी करावी. विम्यातही फरक पडतो. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार तृतीय पक्ष विम्याचा वार्षिक हप्ता १५०० घनसेंटिमीटरपेक्षा मोठ्या इंजिनाला ७,८९७ रुपये आहे, १००० ते १५०० ला ३,४१६ आणि १००० पर्यंत २,०९४. नव्या गाडीला मात्र हा विमा तीन वर्षांचा एकदम काढावा लागतो. शिवाय नवी गाडी पहिल्या दिवसापासून उतरत जाते. विमा कंपन्यांच्या ठरलेल्या तक्त्यात चार ते पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्मी धरली जाते. जुन्या गाडीची ही घसरण कधीच होऊन गेलेली असते.

सुरक्षितता

बदलाच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे. १ एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस ब्रेक सक्तीचे झाले. त्याच वर्षी जुलैपासून चालकासाठी एअरबॅग आणि २०२१ मध्ये शेजारच्या आसनासाठीही एअरबॅग आवश्यक झाली. त्याआधीच्या अनेक स्वस्त आवृत्त्यांत यातले काहीच नव्हते. २०१६ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ संस्थेने एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ आदळून पाहिली, तेव्हा तिला शून्य तारे मिळाले. गाडी जड आणि लोखंड जाड म्हणून ती सुरक्षित, हा समज त्या चाचणीत टिकला नाही. जुन्या सुमो-बोलेरोत मागे समोरासमोर बाक असत. तिथे बसलेल्याला धडकेच्या वेळी धरून ठेवणारे काही नसे.

नव्या गाड्यांचे निकालही सारखे नाहीत. याच संस्थेच्या चाचणीत अर्टिगाला २०१९ मध्ये मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी तीन आणि ट्रायबरला २०२१ मध्ये चार तारे मिळाले होते. हे तारे त्या वेळच्या आवृत्तीचे आणि त्या वेळच्या निकषांचे असतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारताची स्वतःची ‘भारत एनकॅप’ ही चाचणी सुरू झाली आहे. घ्यायची ती आवृत्ती तिच्यात कुठे बसते, हे आधी तपासावे. तारे कितीही असले तरी सात आसनी गाडीत दहा माणसे कोंबली की त्यांना अर्थ उरत नाही.

जुन्या गाडीचे कागद

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे फिटनेस तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारींसाठी ती १०,००० करण्यात आली. पर्यावरण कर वेगळा. दहा वर्षांची डिझेल गाडी रस्त्यावर आणायला बंदी, हा नियम दिल्ली परिसराचा आहे. तो बीडला लागू नाही. तेव्हा ‘आता ही गाडी बंदच होणार’ असे सांगून कोणी भाव पाडत असेल तर घाबरू नये. मात्र १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवणे राज्यात सक्तीचे आहे.

गाडी फारच थकली असेल तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात देता येते. केंद्राच्या धोरणानुसार तिथे ठेव प्रमाणपत्र मिळते. ते दाखवले की नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते आणि रस्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांना आहे. चालू स्थितीतल्या स्कॉर्पिओ किंवा बोलेरोला मात्र ग्रामीण भागात गिऱ्हाईक असते, त्यामुळे स्क्रॅपपेक्षा विक्रीत जास्त पैसे येतात. शोरूमच्या एक्सचेंजचा आकडा, बाजारातल्या दलालाचा आकडा आणि ओळखीतल्या गिऱ्हाइकाचा आकडा, हे तिन्ही घेऊन मगच ठरवावे.

विकताना नमुना २९ आणि ३० भरून आरटीओत नाव बदलावे लागते. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि नमुना ३५ हवा. बीडची एमएच २३ किंवा अंबाजोगाईची एमएच ४४ पासिंगची गाडी राज्यातच विकली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. खेड्यापाड्यात हे काम हमखास राहून जाते. स्टॅम्प पेपरवर सह्या होतात, चावी दिली जाते आणि आरसी बुक जुन्याच नावावर राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जाईल. गाडी पुढे चार हातांत गेली असली तरीही.

जुन्या गाडीच्या विम्यावर दावा न केल्याने जमा झालेली सवलत मात्र गाडीबरोबर जात नाही, ती मालकाची असते. पाच वर्षे दावा नसेल तर ती ५० टक्क्यांपर्यंत पोचते आणि नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यावर वापरता येते. विमा कंपनीकडून तसे पत्र घेऊन ठेवले तर ते तीन वर्षे चालते.

कोणी बदलावी, कोणी थांबावे

घर पक्क्या रस्त्यावर आहे, गाडीत बहुतेक दिवस चार-पाच माणसे असतात, मोठा प्रवास महामार्गाने होतो आणि जुन्या गाडीला एबीएस किंवा एअरबॅग नाही, अशा कुटुंबाने बदल करावा. त्यातही गाडी वरचेवर भरून न्यायची असेल तर अर्टिगाच्या मापाची घ्यावी आणि क्वचितच भरणार असेल तर ट्रायबर पुरते. ज्याच्या वस्तीचा रस्ता पावसाळ्यात चिखलाचा असेल, खत-बियाण्याची ने-आण त्याच गाडीत होत असेल आणि जुने इंजिन अजून धड असेल, त्याने आणखी काही वर्षे थांबावे किंवा चार मीटरच्या आतली डिझेल गाडी पाहावी. व्यवहार कोणताही ठरो, नवी गाडी दारात आल्यावर नारळ फोडण्याआधी जुन्या गाडीच्या नाव बदलाचा अर्ज आरटीओत गेला आहे, याची खात्री करून घ्यावी.